लोव्रेचा मिटलेला डोळा

पोद्ब्रिना गावाच्या खालच्या आळीत पोरगं चालायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवत. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, आणि बोच्चे नावाच्या खेळात गोळा टाकताना डावा डोळा घट्ट मिटायचा. पहिली गोष्ट शहाणपणाची होती. दुसरी लोव्रेची होती.

लोव्रे म्हणजे विंकाचा बाप. आयुष्यभर त्याने समोरच्या बेटावर टपाल आणि माणसं नेणारी बोट चालवली आणि दर सोळा ऑगस्टला, संत रोकच्या सणाला, वरच्या आळीला पाणी पाजलं. खानावळीत अजून त्याचा फोटो आहे. गुडघा वाकलेला, हात पुढे, आणि डावा डोळा असा मिटलेला की पाहणाऱ्याचाही मिटावा. तो फोटो बघत खालच्या आळीच्या तीन पिढ्या एक डोळा मिटून खेळायला शिकल्या. अकरा वर्षांपूर्वी लोव्रे गेला, आणि त्या वर्षापासून खालची आळी जी हरायला लागली ती हरतच राहिली.

हरायचीही एक पद्धत होती. गोळे जायचे अगदी सरळ रेषेत, सुताराने आखून दिल्यासारखे, पण एक वीतभर अलीकडे पडायचा आणि दुसरा हातभर पलीकडे. त्यावर यांचं उत्तर ठरलेलं होतं, पोरं नीट डोळा मिटत नाहीत. गेल्या वर्षी संघाचा कप्तान याक्शा याने तर डोळ्यावर पट्टी बांधून सराव घेतला. अशा माणसांना काय म्हणावं?

लोव्रे गेल्यावर दोन्ही आळ्यांनी नियम केला होता की जी आळी बारा वर्षं सलग जिंकेल तिच्याकडे बुलीन कायमचा जाईल. बुलीन म्हणजे ज्याच्याजवळ गोळे टाकायचे तो छोटा लाकडी गोळा. हा बुलीन लोव्रेने स्वतः जैतुनाच्या मुळातून कोरला होता, चिमुकल्या विंकाला मांडीवर बसवून. अकरा वर्षं तो वरच्या आळीच्या दारूच्या दुकानात काचेमागे पडून होता, आणि आज संध्याकाळी बारावा डाव होता.

सकाळी याक्शा खानावळीत डोकं धरून बसला होता. चौघांच्या संघातल्या निक्षाची कंबर धरली होती. तो घरी पालथा पडून सगळ्यांना शिव्या देत होता.

"चौथा आणायचा कुठून?" याक्शा म्हणाला. "बेपो, तुझा जावई?"

"त्याला गोळा दिला तर तो त्याला लाथ मारेल," बेपो म्हणाला. बेपो लठ्ठ, शांत, आणि घोट घेतल्याशिवाय वाक्य पुरं न करणारा. "फुटबॉलवाला आहे."

"मी खेळते," विंका म्हणाली.

दोघांनी मान वळवली. विंका दाराजवळ बोटीच्या छताचं कापड शिवत बसली होती. वय सत्तावन्न, काम शिवणाचं आणि सणाच्या दिवशी दोरीने माप घेण्याचं. कोणाचा गोळा बुलीनला जवळ हे केसाचा फरक असला की विंका सांगायची, आणि दोन्ही आळ्या निमूट ऐकायच्या. कारण एकदा तिने भर मैदानात सख्ख्या बापाविरुद्ध माप दिलं होतं, आणि त्या रात्री लोव्रे तिच्याशी बोलला नव्हता. सकाळी मात्र त्याने ती दोरी तिला कायमची देऊन टाकली.

"तू?" याक्शा हसला. "विंके, लहानपणी तुझ्याकडे चेंडू फेकला की तो तुझ्या नाकावर बसायचा. मग तू हात वर करायचीस."

"ते खरं आहे," विंका म्हणाली.

खरंच होतं. विंका जन्मापासून तिरळी. सहाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून तिचे डोळे सरळ केले, पण सरळ दिसणारे ते डोळे कधी एकमेकांशी बोललेच नाहीत. एक बघायचा तेव्हा दुसऱ्याने गप्प बसायचं, असा त्यांचा करार. जग तिला भिंतीवर लावलेल्या चित्रासारखं दिसे आणि सगळ्यांनाच तसं दिसतं असं ती समजत होती. पायऱ्या ती सावलीवरून ओळखायची, सुईत दोरा ओठांनी ओवायची.

दोन वर्षांपूर्वी डोकेदुखीसाठी ती स्प्लित शहरात गेली, तेव्हा तिथल्या मिर्ता नावाच्या डोळ्यांचे व्यायाम घेणाऱ्या मुलीने तिच्या हातात एक दोरी दिली. दोरीत तीन रंगीत मणी.

"एक टोक खिडकीला बांधा, दुसरं नाकाला लावा," मिर्ता म्हणाली. "एकेका मण्याकडे बघा. दोन्ही डोळे एकाच मण्यावर आले की एका दोरीच्या दोन दोऱ्या दिसतील, मण्यात एकमेकींना छेदणाऱ्या. एकच दिसली तर समजायचं, एक डोळा झोपलाय."

"आणि दोन दिसून काय होणार?"

मिर्ताने तिला नाकासमोर बोट धरायला लावलं. एक डोळा मीट, मग दुसरा. बोट टुणकन इकडून तिकडे उडालं. "बघितलंत? दोन डोळ्यांमध्ये चार बोटांचं अंतर आहे, म्हणून दोघांना दोन वेगळी चित्रं दिसतात. जवळची वस्तू जास्त उडी मारते, लांबची कमी. मेंदू दोन्ही चित्रं शेजारी ठेवतो, किती उडी मारली ते मोजतो, आणि सांगतो, हे इतकं पुढे, ते तितकं मागे. तुमच्या मेंदूला आजवर एकच चित्र मिळालं, मावशी. बिचारा मोजणार काय?"

दोन हिवाळे विंका खिडकीला दोरी बांधून, नाकाला टोक लावून बसली. गल्लीत चर्चा झाली. जप करते म्हणावं तर ओठ हलत नाहीत, आणि वेड लागलं म्हणावं तर शिवण पूर्वीइतकीच सरळ. शेजारणीने पाद्र्यालाही आणून दाखवलं. पाद्री भला माणूस, तो म्हणाला, दोरीच आहे ना, मग असू दे.

आणि मग गेल्या मे महिन्यातल्या एका सकाळी, दूध तापायला ठेवून ती खिडकीपाशी उभी होती आणि अंजिराच्या झाडातलं एक पान पुढे आलं. तिच्याकडे, खोलीच्या दिशेने. त्याच्या मागे जागा होती, रिकामी, हवेने भरलेली जागा, आणि त्या जागेत एक हिरवं अंजीर लटकत होतं, त्याच्या मागे फांदी, फांदीच्या मागे आणखी जागा. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि पान आणि अंजीर यांच्यामधल्या हवेत नुसता धरून ठेवला. दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास झाला. विंका रडत होती आणि हसत होती, आणि तो हात काही तिला मागे घ्यावासा वाटेना.

तेव्हापासून ती एकटीच दुपारच्या झोपेच्या वेळी मैदानावर जाऊन गोळे टाकत होती. याची कुणालाही कल्पना नव्हती.

"मी खेळते," ती खानावळीत पुन्हा म्हणाली. "पण एक अट. सगळ्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवायचे."

याक्शा उठलाच. "तुझ्या बापाच्या फोटोसमोर बसून हे बोलतेस?"

विंकाने सुई कापडात खोचून ठेवली. बापाला दिलेला शब्द होता. शेवटच्या आजारपणात त्याने तिचा हात धरून म्हटलं होतं, कुणाला सांगू नकोस, मी गेल्यावरही नाही. वरच्या आळीला कळलं तर म्हणतील, आम्ही काण्यापुढे हरलोच नाही, दया येऊन त्याला जिंकू दिलं. माझे सगळे डाव पुसून टाकतील ते. लोव्रेला दुसऱ्या कशाचीच भीती नव्हती, या एकाच गोष्टीची होती.

तिने फोटोकडे पाहिलं. शब्द पाळला तर बुलीन जातो, आणि तो वाचवायचा तर शब्द मोडतो. लहानपणी बाप तिला सांगायचा, आपण दोघं मिळून डोळे दोन, मग कमी काय आहे आपल्याला? विंकाला तेव्हा ती लाडाची थट्टा वाटायची. ती अक्षरशः खरी होती हे तिला फार उशिरा कळलं.

"बाबांचा तो डोळा मिटलेला नव्हता," ती म्हणाली. "आंधळा होता. मी तीन वर्षांची असताना गळाचा आकडा लागला. टपालखात्याला कळलं असतं तर बोट काढून घेतली असती. त्या डोळ्याला नुसता उजेड कळायचा आणि उन्हात झोंबायचा, म्हणून ते मिटायचे."

बेपोने घोट घ्यायला उचललेला पेला तसाच धरला.

"खोटं," याक्शा म्हणाला, पण आवाज बसला होता. "मग चाळीस वर्षं जिंकला कसा?"

"प्रत्येक गोळ्याआधी चालत बुलीनपर्यंत जायचे आणि परत यायचे. आठवतं?"

"म्हणजे काय! त्याचा रुबाब होता तो. वरच्यांना खिजवायला."

"पावलं मोजत होते. डोळ्याने कळायचं नाही म्हणून पायाने मोजायचे. तुम्ही त्यांचा डोळा उचललात याक्शा, पाय कुणीच उचलले नाहीत."

याक्शाने मान झटकली. मग जिद्दी माणूस करतो तेच त्याने केलं. "डोळ्याने काही फरक पडत नाही. सिद्ध कर."

विंकाने रिकामी बाटली त्याच्यासमोर हातभर अंतरावर ठेवली, हातात बूच दिलं. "एक डोळा मीट. हात बाजूने आण आणि एका झटक्यात बूच तोंडावर ठेव."

याक्शाने डावा डोळा मिटला, लोव्रेसारखा, आणि ऐटीत बूच खाली आणलं. ते बाटलीच्या अलीकडे टेबलावर आपटलं. पुन्हा केलं तर पलीकडे. तिसऱ्यांदा त्याची करंगळी बाटलीला लागून बाटली बेपोच्या मांडीवर आडवी झाली.

"आता दोन्ही उघड," बेपो म्हणाला, पँट झटकत. "आणि हळू. धुतलेली आहे."

बूच सरळ तोंडावर बसलं. याक्शाने ते काढून पुन्हा ठेवलं, तर पुन्हा बसलं. मग तो म्हणाला, "चाळीस वर्षं आपण झक मारली," आणि त्याने आपल्या पैशाने सगळ्यांना पाजली. खरं तर तो असा कधीच पाजत नाही.

संध्याकाळी अख्खं गाव मैदानाभोवती जमलं. पाइनच्या झाडांखाली बाकडी, तळलेल्या माशांचा वास, मिरवणुकीतून परतलेली म्हातारी मंडळी सणाच्या कपड्यांत. वरच्या आळीचा कप्तान कुझ्मा ब्याऐंशी वर्षांचा, काटक, आणि तोंडाचा फटकळ. विंकाच्या हातात गोळा बघून त्याने टोपी मागे सरकवली.

"काय रे याक्शा, माणसं संपली की काय? आता मोजणारी बाईसुद्धा खेळणार?"

"मोजते म्हणूनच खेळतेय, बार्बा कुझ्मा," विंका म्हणाली. तिथे वडीलधाऱ्याला बार्बा म्हणतात, भांडतानासुद्धा.

"खेळ, खेळ. बुलीनला शेवटचं बघून घे. उद्यापासून काचेला कुलूप."

सुरुवात भयंकर झाली. जन्मभराची सवय एका दुपारीत थोडीच सुटते. बेपोचा डावा डोळा आपोआप मिटे, मग विंका ओरडे, "डोळा!", आणि तो दचकून दोन्ही इतके वटारी की बाकड्यावरच्या बाया हसून लोळत. संघातला तिसरा, याक्शाचा मेहुणा, म्हणाला, दोन्ही उघडे ठेवले की अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं. आधी पाच-एक, मग आठ-दोन असे ते मागे पडले. वरच्या आळीच्या पोरांनी गाणं धरलं.

मग बेपोचा एक गोळा गेला आणि बुलीनला खेटून थांबला. बेपोलाच पटेना. तो चालत जाऊन वाकून बघून आला. पाठोपाठ याक्शाचा एक, मग आणखी एक. वीतभर अलीकडे पडणारे गोळे आता चार बोटांवर पडू लागले. बाकड्यांवरचं हसणं थांबलं आणि माणसं उभी राहू लागली. कुझ्माने टोपी काढून खिशात घातली. डाव तेरा गुणांचा होता, आणि सूर्य बेटामागे टेकला तेव्हा दोन्ही बाजू बारा-बारावर होत्या.

शेवटच्या फेरीत कुझ्माने बुलीन मुद्दाम जवळच टाकला, जेमतेम दहा-अकरा पावलांवर, आणि त्याच्या माणसांनी त्याच्याभोवती जणू किल्ला बांधला. एक गोळा बुलीनच्या मागे, तीन बोटांवर. एक त्याच्या पुढे, वाट अडवून. दोन्ही आळ्यांचे सगळे गोळे संपले. उरला एक, विंकाचा.

"वाट बंद आहे," याक्शा तिच्या कानाशी म्हणाला. त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि घाबरून त्याचा डावा डोळा पुन्हा मिटला होता. "गोळ्याला गोळा चिकटलाय. जोरात मार, सगळं उधळून दे. काय व्हायचं ते होईल."

विंकाने डावा डोळा मिटून बघितलं. खरंच होतं. पुढचा गोळा, बुलीन, मागचा गोळा, तिन्ही एका चित्रात एकमेकांना चिकटलेले. सत्तावन्न वर्षं तिने हेच पाहिलं होतं. मग तिने डोळा उघडला.

पुढचा गोळा पुढे आला. अंजिराच्या पानासारखा, सरळ तिच्याकडे. त्याच्या मागे जागा होती, वीतभराहून थोडी जास्त, मऊ वाळूची, रिकामी, आणि त्या जागेच्या टोकाशी बुलीन. एवढ्या माणसांत ती जागा कुणी बघत नव्हतं. ती विंकासाठीच ठेवल्यासारखी होती.

"डोळा, याक्शा," ती म्हणाली.

आणि तिने गोळा उंच टाकला. घरंगळवला नाही, वर फेकला, मनगटाला उलटा पीळ देऊन. बाकड्यांवर कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. गोळा पाइनच्या खालच्या फांदीएवढा वर गेला, क्षणभर तिथेच राहिला असं वाटलं, मग पुढच्या गोळ्याच्या डोक्यावरून खाली उतरला आणि वाळूत धप्प करून बसला. जिथे बसला तिथून हलला नाही.

दोन्ही आळ्या पुढे सरकून वाकल्या. बुलीनच्या मागे कुझ्माचा गोळा, पुढे विंकाचा, आणि वरून पाहताना दोन्हींचं अंतर सारखंच. माप घ्यायला हवं होतं. दोरी विंकाच्या एप्रनच्या खिशात होती. तिने ती काढून कुझ्मापुढे धरली.

"मी खेळाडू आहे आज, बार्बा. तुम्ही मोजा."

कुझ्माने दोरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तूच मोज," तो म्हणाला. "बापाला हरवलंस तेव्हाही मी इथेच उभा होतो."

विंका गुडघ्यावर बसली. आधी तिने कुझ्माच्या गोळ्याचं माप घेतलं, दोरी चिमटीत पक्की धरली, मग ती तशीच आपल्या गोळ्याकडे वळवली. दोरी उरली, अंगठ्याच्या नखाएवढी. तिने मान वर केली, दोरी हातात उंच धरली आणि ते उरलेलं टोक सगळ्यांना दाखवलं.

मग जे झालं ते खालच्या आळीतला प्रत्येक माणूस वेगवेगळं सांगतो. बेपोने चर्चमध्ये शिरून सणाची घंटा दुसऱ्यांदा वाजवली हे नक्की. निक्षा वाकलेल्या कंबरेने धावत आला हेही नक्की. याक्शा सरळ वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडला, दोन्ही डोळ्यांनी.

गोंधळ जरा ओसरल्यावर कुझ्मा बुलीन घेऊन आला. अकरा वर्षं काचेमागे राहून त्याला चकाकी आली होती. तो त्याने विंकाच्या तळहातावर ठेवला, पण आपला हात काढला नाही.

"आज तुमची माणसं दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळली," तो हळूच म्हणाला. "म्हणजे तू सांगितलंस त्यांना."

विंका गार पडली. "काय सांगितलं?"

"पोरी, त्या दिवशी बोटीत मी होतो. तो आकडा माझ्या दोरीचा होता." कुझ्माने नाक ओढलं. "रक्त मी पुसलं. मी गप्प राहिलो, आणि तोही गप्प राहिला. मग तुमची सगळी आळी डोळा मिटायला लागली, आणि मी म्हटलं, मिटू देत! मला काय वेड लागलंय यांना सांगायला? फुकटात अकरा वर्षं जिंकलो."

विंकाला हसूही येत होतं, पण बापाचा तो शेवटच्या आजारातला चेहरा डोळ्यासमोरून हलेना. विचारायला तिला भीती वाटली. तरी तिने विचारलं. "बार्बा, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं, मग... बाबांना तुम्ही कधी मुद्दाम डाव सोडलात?"

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. "सोडला?" तो इतक्या मोठ्याने ओरडला की अख्खं मैदान गप्प झालं. "त्याला? मी? चाळीस वर्षं मी त्याला हरवायला जिवाचं रान केलं! झोपेत गोळे टाकायचो मी, माझ्या बायकोला विचार! माझ्या आकड्याने ज्याचा डोळा गेला त्या माणसाला दया दाखवायला उभा राहिलो असतो, तर त्याच्या तोंडाकडे बघता आलं असतं मला? एक डाव सोडला नाही, एक गोळा सोडला नाही. हरलो ते हरलोच. एका डोळ्याच्या माणसाने आम्हाला चाळीस वर्षं धूळ चारली, ऐकताय का रे सगळे?"

सगळे ऐकत होते. वरची आळीही ऐकत होती. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि पुसायलाही काही नव्हतं.

विंका बुलीन घेऊन खानावळीत गेली आणि तो फोटोखालच्या फळीवर ठेवला, जिथे तो अकरा वर्षांपूर्वी असायचा. लोव्रे एक डोळा मिटून तिच्याकडे बघत होता. बाहेर तिच्या नावाने हाका चालल्या होत्या, कुणीतरी अकॉर्डियन सुरू केलं होतं.

"सगळ्यांना कळलं, बाबा," ती म्हणाली. "सगळे डाव तुमचेच आहेत."